दम्यासाठी मशीन घ्यायला निघालात? आधी हे वाचा

मिरजेतल्या आमच्या दुकानात आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणी येऊन म्हणतं, "दम्याचं वाफेचं मशीन दाखवा." त्यावर आम्ही आधी विचारतो, वाफेचं की नेब्युलायझर? सर्दीत डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेतो, त्याचं मशीन तीन-चारशे रुपयांत मिळतं. त्यात नुसतं पाणी उकळतं. दम्याचं औषध त्यातून छातीत जात नाही, आणि लहान मूल भाजण्याचा धोका वेगळाच. नेब्युलायझरमध्ये पाणी तापत नाही. हवेच्या दाबाने औषधाचे बारीक कण होतात. कण १ ते ५ मायक्रॉनचे असले तरच ते खोल श्वासनलिकांपर्यंत पोचतात, नाहीतर घशातच चिकटतात.

आता दुकानदाराने सहसा न सांगायची गोष्ट. बऱ्याच घरांना नेब्युलायझर लागतच नाही.

पंप, म्हणजे दाबून औषध ओढायचा इनहेलर, आणि त्याला जोडायचा स्पेसर, म्हणजे प्लास्टिकची ती लांबट नळकांडी, नीट वापरली तर नेहमीच्या दम्याच्या झटक्यात बहुतेकांना नेब्युलायझरइतकाच आराम मिळतो. लहान मुलांनाही, फक्त स्पेसरला मास्क लावायचा. स्पेसर साधारण तीनशे ते सातशेत येतो, वीज लागत नाही, पिशवीत मावतो. नुसता पंप तोंडात धरून दाबला की निम्म्याहून जास्त औषध जिभेवर आणि घशात बसतं. मग लोक म्हणतात, पंपाचा गुण येत नाही. पंप हलवा, एकदाच दाबा, सावकाश ओढा, जमेल तर दहा सेकंद श्वास रोखा. दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटाने. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळू द्या. फडक्याने पुसलात तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटतं.

"पंपाची सवय लागते" हे आम्ही रोज ऐकतो. सवय लागत नाही, दमा जुनाट असतो म्हणून औषध रोज लागतं. आणि पंपातून औषध मायक्रोग्रॅममध्ये जातं, गोळीतून मिलिग्रॅममध्ये, हेही लक्षात असू द्या.

मग नेब्युलायझर कुणी घ्यावा? ज्यांना पंप आणि श्वास यांचा मेळ स्पेसर लावूनही बसत नाही, असे वयस्क किंवा फार अशक्त रुग्ण. आणि ज्यांना डॉक्टरांनी औषध व मात्रा लिहून घरी घ्यायला सांगितलंय ते. साधं कॉम्प्रेसरचं मशीन घ्या. पंधराशे ते अडीच हजारांत चांगलं मिळतं, आवाज करतं, पण वर्षानुवर्षं चालतं. आवाज नको म्हणून अल्ट्रासॉनिक, म्हणजे कंपनांनी औषध उडवणारं मशीन घेऊ नका, कारण ब्युडेसोनाइडसारखं गढूळ दिसणारं औषध त्यातून नीट उडत नाही. मेश मशीन, म्हणजे बारीक जाळीतून औषध उडवणारं, लहान, शांत, बॅटरीवर चालणारं. सतत फिरतीवर असलेल्यांना किंवा जिथे वीज फार जाते तिथे उपयोगी. पण जाळी नाजूक असते, रोज धुवावी लागते आणि बदलायला महाग पडते.

छापील किमतीवर भाळू नका. २०२१ साली सरकारने नेब्युलायझरवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, तरी खोक्यावरचा आकडा आणि खरा भाव यांत अंतर दिसतंच. त्यामुळे "निम्म्या किमतीत" ही पाटी वाचून लगेच खिशात हात घालू नका. त्याऐवजी औषध घालायचा कप, नळी, मास्क आणि फिल्टर सुटे मिळतात का ते विचारा. मशीन टिकतं, हेच भाग संपतात. दोन-तीन आठवड्यांपुरतंच लागणार असेल तर भाड्याने न्या, मात्र कप-मास्क स्वतःचा नवा. शेजारणीचा उसना मास्क नकोच. औषध पातळ करायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर सलाइनच, म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणीच वापरा. साध्या पाण्याने श्वासनलिका उलट आवळतात.

पैसे मोजकेच असतील तर आमचा क्रम असा: आधी रोजचा पंप, मग स्पेसर, मग पीक फ्लो मीटर (फुंक किती जोराची ते मोजणारा), आणि सर्वांत शेवटी मशीन. मीटर पाच-सातशे रुपयांचा. बरं असतानाचा तुमचा सर्वांत चांगला आकडा लिहून ठेवा. फुंक त्याच्या ८० टक्क्यांखाली येऊ लागली तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध बदला, ५० टक्क्यांखाली गेली तर दवाखाना गाठा. उसाचं पाचट पेटवण्याच्या दिवसांत आणि दिवाळीत हा आकडा आधीच घसरतो, धाप मागून लागते. औषधांसाठी जनऔषधी केंद्रात एकदा विचारून पाहा, अनेक पंप तिथे स्वस्त पडतात.

ऑक्सिजन काँसंट्रेटर मागणारेही येतात. तो दम्याचं उपकरण नव्हे. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन द्यायला लिहून दिलं असेल तरच बोलू, आणि वीजबिलाचंही बोलू. ५ लिटरचं यंत्र दिवसरात्र चाललं तर रोज सात-आठ युनिट सहज जातात.

दोन गोष्टी फ्रिजवर चिकटवून ठेवा. वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल तर मशीन लावत बसू नका, १०८ ला फोन करा. आणि आराम देणाऱ्या निळ्या पंपाचे डबे मोजा. वर्षाला तीन किंवा जास्त लागत असतील तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांना तो आकडा सांगा. डबा पाण्यात तरंगतो का पाहून औषध किती उरलं ते कळत नाही. रोजच्या पंपाचा २०० दाबांचा डबा दिवसाला चार दाबांनी ५० दिवस पुरतो, एवढा हिशेब पुरे.

पंप कसा घेता ते आम्हाला दाखवायला या. स्पेसर दुसरीकडून घेतलेला असला तरी चालेल, बघायचे पैसे घेत नाही. येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुना कप आणा.