पावसाळ्यातला जिप्सम बोर्ड

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की गोव्यात घरोघरी डागडुजी आणि रंगकाम निघते. नेमका तोच काळ धो धो पावसाचा, आणि हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात. जिप्सम बोर्डाचे पार्टिशन किंवा फॉल्स सीलिंग या दिवसांत हातात घेणाऱ्याने आधी या बोर्डाचे आणि पाण्याचे नाते समजून घ्यावे.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा स्फटिक. त्याच्या एकेका रेणूला पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. वजनाचा सुमारे २१ टक्के भाग पाणीच. ४ बाय ६ फुटांचा, १२.५ मिलिमीटर जाडीचा नेहमीचा बोर्ड साधारण १९ किलोचा भरतो, म्हणजे त्यात साडेतीन-चार किलो पाणी दडलेले असते आणि तरी तो कोरडा ठणठणीत. आग लागली तर हे पाणी वाफ होऊन संपेपर्यंत बोर्डाची मागची बाजू १०० अंशांच्या फारशी वर जात नाही. हाच जिप्समचा दगड दीडशे अंशांच्या आसपास भाजला की दोनांपैकी दीड रेणू पाणी उडते आणि उरते ते प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी कालवले की गेलेले पाणी ते परत बांधून घेते, हाताला कोमट लागते आणि दगड होते. हा लगदा दोन कागदांच्या मध्ये पसरला की झाला बोर्ड. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये पेटंट घेतले ते याच्या पूर्वजाचे.

वाकताना पडणारा ताण पेलतो तो कागद. आतला दगड फक्त दाब सोसतो. म्हणून स्क्रूचे डोके कागद फाडून आत गेले की तो स्क्रू नसल्यातच जमा. डोके पृष्ठभागाच्या जेमतेम अर्धा मिलिमीटर आत, कागद शाबूत, इतकेच हवे. फाटला तर दोन इंच बाजूला दुसरा मारावा. आणि हाच कागद ओला झाला की बुरशीला खाद्य होतो, वाळवीलाही. जिप्सम स्वतःही लिटरभर पाण्यात दोनेक ग्रॅम विरघळतो, त्यामुळे भिजलेल्या बोर्डातल्या स्फटिकांची एकमेकांवरची पकड सुटते आणि तो अंगठ्याने दबतो.

त्यावरूनच ठरते की बोर्ड कुठे लावू नये. पावसाचा मारा खाणारी, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची, ओल धरलेली बाहेरची भिंत ‘झाकून टाकण्यासाठी’ त्यावर बोर्ड ठोकणे ही सर्वांत महागडी चूक. चिरा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो आणि सावकाश आत सोडत राहतो. बोर्डामागे ते दिसत नाही, एवढाच फरक. दोन पावसाळ्यांत वास सांगतो. आधी बाहेरचा गिलावा आणि कौलांची गळती दुरुस्त करावी. हिरवा ओलावारोधक बोर्ड स्वयंपाकघरातल्या वाफेपुरता ठीक. न्हाणीघरात जिथे थेट पाणी उडते तिथे फायबर सिमेंटचा बोर्ड घ्यावा.

१० बाय १० फुटांच्या पार्टिशनचा हिशेब असा: दोन्ही बाजू मिळून २०० चौरस फूट, म्हणजे तुटफूट धरून १० बोर्ड. खाली-वर मिळून २० फूट चॅनेल (पत्र्याची आडवी पन्हळ), त्यात दोन-दोन फुटांवर ६ स्टड (पत्र्याचे उभे खांब), २५ मिलिमीटरचे साडेतीनशे स्क्रू. स्टड गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलेच हवेत. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत कापलेली टोके आधी गंजतात, म्हणून त्यांना झिंक प्रायमरचा हात द्यावा. स्क्रू कडेला २०० मिलिमीटरवर, मध्ये ३०० वर. समोरासमोरचे आणि वर-खालचे जोड एका रेषेत येऊ देऊ नयेत, आणि आडव्या जोडामागे चॅनेलचा तुकडा आडवा घालावा. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यावर जोड आणूच नये. दार आपटून तिथे तडा जातो. त्या ठिकाणी एकच बोर्ड ‘एल’ आकारात कापून बसवावा. तळाशी फरशीपासून १० मिलिमीटर फट सोडावी, नाहीतर पोछाचे पाणी कापडात चढावे तसे बोर्डात चढते. फट स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या मागे लपते.

जोडांच्या कामात मात्र पावसाळा खरी परीक्षा घेतो. बोर्डांमधले जोड भरायला बाजारात दोन प्रकारचा माल मिळतो आणि फरक बहुतेकांना ठाऊक नसतो. डब्यातला तयार माल सुकतो, म्हणजे त्यातले पाणी हवेत जाते. हवाच भरलेली असेल तर ते जाणार कुठे? एरवी २४ तासांत सुकणारा थर ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस ओला राहतो. त्यावर घाईने दुसरा थर दिला की दोन्ही मिळून नंतर आकसतात आणि जोडाची रेघ रंगातून उमटते. पिशवीतली सेट होणारी पावडर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या जातीची; ती पाणी बांधून घट्ट होते, हवेच्या आर्द्रतेची तिला पर्वा नसते. पावसात पहिले दोन थर तिचेच द्यावेत. रंगाआधी मात्र तिच्यातलेही जास्तीचे पाणी निघून जायला हवे. गडद दिसणारा डाग पुरता फिका होईपर्यंत थांबावे. भांडे दर वेळी धुवावे, कारण जुन्या मालाचे कण नव्या स्फटिकांसाठी बीज ठरतात आणि अर्ध्या तासाचा माल पाच मिनिटांत दगड होतो. उघडी राहिलेली पिशवी हवेतली ओल धरते आणि तिच्यातही असेच बीज तयार होऊन ती बिघडते.

पहिला थर जोडात दाबून त्यावर कागदी टेप, खालचा माल पुरेसा ठेवून. तो कमी पडला तर टेपखाली फुगा येतो. दुसरा थर आठ इंच रुंद, तिसरा बारा इंच, कडांची जाडी शून्यावर नेत. जाळीदार फायबर टेप वापरायचा असेल तर पहिला थर सेट होणाऱ्या मालाचाच हवा. घासताना धूळ फार उडते. ओल्या स्पंजने घासले तर छातीला बरे.

मुठीएवढे भोक पडले तर आत वायर नाही ना हे पाहून ते ४ इंचांचे चौकोनी करावे. ८ इंचांचा तुकडा घेऊन मागून चारही बाजूंनी दोन इंचांवर रेघ कापावी, कडेचा जिप्सम मोडून काढावा आणि पुढचा कागद तसाच ठेवावा. मधला चौकोन भोकात बसतो, कागदाची झालर मालात दाबली की तीच टेप. त्याहून मोठ्या भोकाला मागे लाकडी पट्ट्या देऊन नवा तुकडा स्क्रूने बसवावा.

गळतीचा पिवळा डाग असेल तर आधी गळती शोधा. बोर्ड अंगठ्याने दबत असेल तर मऊ भागापलीकडे सहा इंच कापून काढा; काळी बुरशी कागदात शिरलेली असेल तर वरून पुसून भागत नाही. बोर्ड घट्ट असेल तर पूर्ण वाळवून ऑइलबेस किंवा लाखेचा प्रायमर द्यावा. पाण्याच्या रंगात तो डाग पुन्हा विरघळून वर येतो.

टीव्ही टांगण्यासाठी स्टडच्या मध्ये १८ मिलिमीटर प्लायवूड आधीच घालून ठेवावे. पंख्याचा हूक थेट स्लॅबला. आणि चवथीला गणपतीच्या वर टांगायची माटोळी: नारळ, सुपाऱ्यांचे घोस, काकड्या, रानफळे लटकवलेला तो लाकडी चौक भरल्यावर चांगलाच जड होतो. त्याचे दोर सीलिंगच्या बोर्डाला किंवा त्याच्या पत्र्याच्या सांगाड्याला बांधू नयेत. बोर्ड बसवण्याआधीच स्लॅबमध्ये किंवा वाशाला चार हूक मारून त्यांची टोके सीलिंगमधून खाली काढून ठेवावीत.