१ सप्टेंबर १९४० : मुंबईच्या घरपट्टीत अडकलेली युद्धकाळातील तारीख

मुंबई शहरातल्या जुन्या चाळीच्या पुनर्विकासाची फाईल उघडली की पहिल्याच पानांवर ‘अ वर्ग, उपकरप्राप्त इमारत’ (म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी) असा शेरा दिसतो. इमारत १ सप्टेंबर १९४० पूर्वीची असेल तर ती अ वर्गात, त्या दिवसापासून ३१ डिसेंबर १९५० पर्यंतची ब वर्गात, आणि त्यानंतर ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची क वर्गात. मूळ यादीतल्या १९,६४२ इमारतींपैकी १६,५०२ एकट्या अ वर्गातल्या. रहिवासी हा वर्ग पत्त्यासारखा पाठ सांगतात. पण १९४० च्या सप्टेंबरची पहिली तारीखच का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तिचा उगम बांधकामशास्त्रात शोधून सापडणार नाही. ती तारीख दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या भाड्यांची आहे, आणि शहराच्या घरपट्टीशी तिची गाठ पडल्यामुळे महापालिकेच्या तिजोरीने तिची किंमत साठ-सत्तर वर्षे मोजली.

युद्धकाळातला नगरकारभार म्हटले की अंधारपट, काळे कागद चिकटवलेल्या खिडक्या, भोंगे आणि २ मे १९४३ पासून मुंबईत सुरू झालेले धान्याचे रेशनिंग आठवते. १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतील स्फोटांत शहराच्या अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, तेही नगरसेवेतलेच कर्मचारी होते. या सगळ्याची नोंद आहे आणि ती असायलाच हवी. मात्र कचेरीच्या मागच्या खोलीत, करनिर्धारणाच्या वह्यांमध्ये जे घडत होते त्याची आठवण कोणी काढत नाही. युद्धानंतरचे शहर घडले ते बरेचसे त्या वह्यांमधून.

मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यानुसार घरपट्टीचा पाया म्हणजे ‘करयोग्य मूल्य’. इमारत वर्षाच्या कराराने भाड्याने दिली तर वाजवीपणे किती वार्षिक भाडे मिळण्याची अपेक्षा धरता येईल, ती रक्कम काढायची, तिच्यातून दुरुस्ती आणि इतर सर्व बाबींसाठी म्हणून सरसकट १० टक्के वजा करायचे. उरलेल्या रकमेवर सर्वसाधारण कर, पाणीपट्टी आणि मैला वाहण्यासाठीचा हलालखोर कर टक्क्यांनी बसे. बिले वर्षातून दोनदा, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला, आगाऊ देय. करनिर्धारण वही दरवर्षी नव्याने करण्याची सक्ती नव्हती. आधीच्या वर्षीच्या नोंदी पुढे ओढता येत, पण चार वर्षांतून एकदा तरी नवी वही करावीच लागे. मूल्य वाढवायचे असेल तर मालकाला खास नोटीस, तक्रारीला किमान पंधरा दिवस, मग सुनावणी, आणि त्यानंतरही समाधान झाले नाही तर लघुवाद न्यायालयात अपील.

आकडा मांडून पाहिला की हे नीट उमगते. एका चाळीत ४० खोल्या, दर खोलीला महिना १० रुपये भाडे असे धरू. वर्षाचे ४,८०० रुपये. १० टक्के म्हणजे ४८० वजा, करयोग्य मूल्य ४,३२० रुपये. सर्व पट्ट्या मिळून २० टक्के धरल्या तर वर्षाला ८६४ रुपये, दर सहामाहीला ४३२. करनिरीक्षक मालकाकडून भाडेकरूंची यादी आणि भाडे मागवी, शंका आली तर खोल्या मोजायला स्वतः जाई, दोन-चार भाडेकरूंच्या पावत्या पाही. सगळी इमारत या एका आकड्यावर उभी आहे : भाडेवहीतला १० रुपये. तो हलला तर नगराचे उत्पन्न हलते. तो गोठला की नगर गोठते.

भाडे गोठवण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धाची नव्हती. पहिल्या महायुद्धात मुंबईची घरभाडी भडकली तेव्हा १९१८ मध्ये युद्धनिर्बंध म्हणूनच भाड्याचा कायदा आला आणि १ जानेवारी १९१६ चे भाडे ‘प्रमाण भाडे’, म्हणजे कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, ठरले. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी तो कायदा विरला, वह्या पुन्हा बाजाराबरोबर चालू लागल्या. म्हणूनच १९३९ मध्ये भाडेनियंत्रणाचा नवा कायदा आला आणि १९४४ मध्ये हॉटेल व लॉजिंगच्या दरांसह आणखी एक आला, तेव्हा हेही तात्पुरतेच असणार, अशीच सर्वांची धारणा होती. दुसरा कायदा आला तोवर प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ उरले नव्हते, १९३९ च्या अखेरीपासून कारभार गव्हर्नरच्या हाती होता. युद्धाच्या धामधुमीत, दीर्घकाळाचा विचार करणारी चर्चा अशा कायद्यांच्या वाट्याला फारशी येत नाही.

मग शहर फुगले. १९४१ च्या जनगणनेत सुमारे १४ लाख ९० हजार असलेली मुंबईची वस्ती १९५१ मध्ये २३ लाखांच्या वर गेली. गिरण्यांना युद्धाची मागणी, गोदीत रात्रंदिवस काम, पुढे फाळणीनंतर आलेले निर्वासित. सिमेंट आणि लोखंड लष्कराकडे वळल्यामुळे नवे बांधकाम जवळजवळ थांबलेले. जपान युद्धात उतरल्यावर १९४२-४३ मध्ये भाव झपाट्याने चढले. अशा वेळी भाडे मोकळे सोडले असते तर गिरणगावातली अर्धी कुटुंबे रस्त्यावर आली असती. भाडे गोठवणे चुकीचे होते असे म्हणणाऱ्यांनी त्या वर्षांच्या परळ-लालबागचा विचार करावा. प्रश्न वेगळा आहे : भाडेकरूला संरक्षण देताना कराचा पाया त्याच्याबरोबर का बांधला गेला?

स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या भाडे कायद्याने १९३९ आणि १९४४ चे दोन्ही कायदे रद्द केले आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो स्वतः लागू झाला. त्याने १ सप्टेंबर १९४० ही तारीख कायमची कोरली. त्या दिवशी जागा ज्या भाड्याने दिलेली होती ते तिचे प्रमाण भाडे. त्या दिवशी रिकामी असेल तर त्याआधीचे शेवटचे भाडे. त्यानंतर प्रथमच दिली असेल तर पहिल्यांदा ठरलेले भाडे. युद्धाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, महागाईची खरी लाट अजून यायची होती. म्हणजे गोठण्यासाठी निवडलेला दिवस चढणीच्या पायथ्याचा होता. मालकाने त्यापेक्षा जास्त भाडे घेणे बेकायदा, पगडी, म्हणजे भाड्याखेरीज वरची एकरकमी रक्कम, घेणे तर गुन्हा.

आता खरा गुंता येतो, आणि तो ‘वाजवीपणे अपेक्षित’ या दोन शब्दांत आहे. १८८८ च्या कायद्यातला भाडेकरू काल्पनिक आहे. कायदा विचारतो की ही जागा बाजारात ठेवली तर असा एखादा भाडेकरू किती देईल? करनिर्धारकांची बाजू अशी होती की महापालिका कायदा स्वतंत्र आहे, त्याला फक्त जागेची किंमत मोजायची आहे, भाडे कायदा मालक आणि भाडेकरू यांच्यातला व्यवहार बांधतो, तिसऱ्या पक्षाला नाही. मालकांचे म्हणणे, जे भाडे मागितले तर शिक्षा होते ते ‘वाजवीपणे अपेक्षित’ कसे? एक कायदा म्हणतो घेऊ नकोस, दुसरा म्हणतो घेतले असे समजून कर भर.

साठच्या दशकाच्या आरंभी कलकत्त्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालकांची बाजू मान्य केली : कायद्याने ठरलेल्या प्रमाण भाड्याच्या वर करयोग्य मूल्य जाऊ शकत नाही. पुढे १९८० च्या सुमारास दिल्लीच्या प्रकरणात आणखी एक पाऊल टाकले गेले. प्रमाण भाडे कोणी न्यायालयातून ठरवून घेतलेले नसले तरी करनिर्धारकाने भाडे कायद्याची तत्त्वे लावून ते स्वतः काढायचे आणि तीच मर्यादा धरायची. मालक स्वतः राहत असलेल्या घरालाही हेच. तर्क म्हणून हे निर्णय बिनतोड आहेत. नगराच्या दृष्टीने परिणाम कठोर होता : १० रुपयांची खोली ही १० रुपयांचीच राहिली, मग पाणी टेकडीवर चढवायला लागणारी वीज, नळाचे बीड आणि सफाई कामगाराचा महागाई भत्ता कितीही वाढो.

नेमके काय बिघडले ते वहीतच दिसते. एकाच गल्लीत १९३८ ची चाळ आणि १९५५ ची इमारत. चाळीच्या खोलीचे मूल्य १९४० चे, शेजारच्या तेवढ्याच जागेचे पहिल्या भाड्याचे, म्हणजे कित्येक पट. रस्ता तोच, गटार तेच, बंब तोच, पण पट्टी वेगळी. पाया वाढत नाही म्हणून टक्केवारी वाढवली तर तिचा भार नव्या इमारतींवरच जास्त पडे. भाडेकरू बदलताना रोख पगडी हातात पडे, पावतीवर मात्र जुनेच भाडे. करनिरीक्षकाला दिसे फक्त पावती. त्यातून मालक आणि भाडेकरू यांनी संगनमताने न्यायालयातून कमी प्रमाण भाडे ठरवून घेण्याची वाटही मोकळी होती. मुंबईत तर भाड्याचे खटले आणि घरपट्टीची अपिले दोन्ही लघुवाद न्यायालयातच चालत. एकाच इमारतीच्या वेगवेगळ्या दालनांत त्याच १० रुपयांवर वाद होत.

१९४७ च्या कायद्यात मालकासाठी एक खिडकी होती. महापालिकेचे कर वाढले तर तेवढी वाढ भाडेकरूकडून वसूल करता येई, तिला चाळीत आजही ‘परमिटेड इन्क्रीज’ म्हणतात. तिची आकडेमोड भांडणाचे कायमचे घर झाली. वाढ खोलीमागे सारखी वाटायची की भाड्याच्या प्रमाणात, गल्लीतल्या दुकानाने किती द्यायचे, जिन्याखालच्या जागेचे काय. अनेक चाळींत मालकाने वाढ मागितलीच नाही, त्याऐवजी दुरुस्ती थांबवली. कायद्यातली ती १० टक्के वजावट दुरुस्तीसाठी होती. १० रुपयांतला एक रुपया १९४० मध्ये छपराच्या कौलांना पुरत असेल, १९६५ मध्ये तो एका कौलालाही पुरत नव्हता.

मुंबईबाहेरच्या गावांत दुखणे तेच, औषध निराळे. तिथे नगरपालिका १९०१ आणि १९२५ च्या कायद्यांखाली चालत, आणि घरपट्टीपेक्षा जकातीवर त्यांचा भरवसा मोठा. जकातीतही जिथे दर मणामागे ठरलेला होता तिथे युद्धातल्या भाववाढीचा काही लाभ नाही, किमतीवर टक्का असेल तिथेच नाक्यावरचा गल्ला भावाबरोबर वाढे. वार्षिक भाड्याचा पाया सोडून दुसरा मार्ग शोधण्याचे प्रयत्नही झाले. बार्शीत गिरण्यांची पट्टी चटईक्षेत्रावर सरसकट बसवली गेली, ती १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रद्द ठरली. अहमदाबादेत मोकळ्या जमिनींवर भांडवली किमतीच्या टक्क्याने पट्टी लावली, तीही १९६३ मध्ये गेली, कारण कायद्यातल्या ‘रेट’ या शब्दाचा अर्थच वार्षिक मूल्यावरचा कर असा आहे असे ठरले. पळवाटा बंद झाल्या. मुंबईनेही १९६५ पासून व्यापक जकात लावली, आणि पुढची पन्नासएक वर्षे, १ जुलै २०१७ ला ती उठेपर्यंत, शहराचा मोठा आधार तीच राहिली. नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगांचे एक मूळ गोठलेल्या घरपट्टीत आहे, हे जकातीवर चिडणाऱ्यांच्या फारसे लक्षात आले नाही.

पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. मालकाकडे दुरुस्तीला भाडे नाही, महापालिकेकडे पैसा नाही, म्हणून इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला आणि तो घरपट्टीच्या बिलातूनच गोळा करायचे ठरले. वर्गवारी करताना जुनी गोठण तारीख आयती हाती होती, तीच अ वर्गाची सीमा झाली. भाड्याची तारीख अशी इमारतीच्या वयाची तारीख बनली.

भाडे कायद्याची मुदत मात्र वाढतच गेली. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने गोठलेली भाडी आता अवाजवी झाली आहेत असे स्पष्ट म्हटले, पण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणारच आहे म्हणून कलमे रद्द केली नाहीत. मुदत पुन्हा वाढली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला तो ३१ मार्च २००० रोजी. त्याने पायाची तारीख १ ऑक्टोबर १९८७ वर आणली, एकदाच ५ टक्के आणि पुढे दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली, पगडीलाही कायदेशीर जागा मिळाली. पण ज्या खोलीचे भाडे १९८७ मध्येही १९४० चेच होते, तिच्यासाठी तारीख बदलून आकडा बदलला नाही. १० रुपयांवर ५ टक्के म्हणजे आठ आणे.

करनिर्धारणाची दोरी भाड्यापासून तुटली ती १ एप्रिल २०१० पासून, जेव्हा मुंबईत भांडवली मूल्यावर कर लागू झाला. आता पाया रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या जागांच्या किमतींच्या तक्त्यातला, दर, त्याला क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचे वय यांचे भारांक. हे काम १९४८ मध्येच, भाडे कायदा कायम ठेवूनही, करता आले असते. करपाया वेगळा काढून लहान खोल्यांना सूट दिली असती तर भाडेकरूही सुरक्षित राहिला असता आणि नळही. २०१० नंतर नेमके तसेच केले गेले : ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना प्रथम वाढीपासून संरक्षण, आणि २०२२ पासून करमाफी. नव्या पद्धतीतले काही नियम २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, त्यामुळे बिलांचा हिशेब पुन्हा करण्याचे काम मागे लागले.

युद्धकाळातल्या वह्यांची गरज अजून संपलेली नाही. इमारत अ वर्गातली आहे हे सिद्ध करायचे असेल, किंवा खोली कोणाच्या नावावर, निवासी की दुकान म्हणून होती हे दाखवायचे असेल, तर महापालिकेच्या करनिर्धारण खात्यातून ‘इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट’, म्हणजे जुन्या नोंदींचा उतारा, काढावा लागतो. अर्जात आजचा पत्ता पुरत नाही. जुना वॉर्ड क्रमांक, रस्त्याचे त्यावेळचे नाव आणि सिटी सर्व्हे क्रमांक द्यावा, नाहीतर शोध अडतो. उताऱ्यात इमारतीची पहिली नोंद कोणत्या वर्षीच्या वहीत आहे, हे आधी पाहावे. मग मजले आणि खोल्यांची संख्या आजच्या संख्येशी जुळते का ते पाहावे, कारण नंतर चढवलेला मजला वेगळ्या वर्षी नोंदलेला असतो. शेवटी भाड्याचा रकाना. पुष्कळ पानांवर तिथे महिन्याचा आकडा रुपये-आण्यांत असतो, आणि पुढच्या चार-चार वर्षांच्या वह्यांत तोच आकडा नव्या शाईने उतरवलेला असतो.