तुमच्या इंग्रजी मजकुरावर आम्ही प्रश्न का विचारतो?

इंग्रजी पत्र, कोटेशन, भाडेकरार, नोटीस असा मजकूर तुम्ही आमच्याकडे तपासायला आणि टाइप करायला देता. आम्ही त्यावर दोन-चार शंका काढतो आणि काम थोडे लांबते. घाईच्या वेळी ते नकोसे होते, हे आम्हाला समजते. म्हणून त्यामागचे कारण इथे देत आहोत.

व्याकरण चोख आणि स्पेलिंग बरोबर असूनही वाक्यातून दोन अर्थ निघू शकतात. लिहिणाऱ्याला दुसरा अर्थ दिसत नाही, कारण आपल्याला काय म्हणायचे आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. कागद वाचणाऱ्यापुढे मात्र फक्त शब्द असतात.

भाडेकरारात हमखास येणारे एक वाक्य घ्या : ‘द टेनंट शॅल हँड ओव्हर द कीज टू द ओनर ऑर हिज ब्रदर.’ किल्ल्या मालकाच्या भावाकडे द्यायच्या की भाडेकरूच्या? मराठीत ‘आपल्या भावाकडे’ आणि ‘मालकाच्या भावाकडे’ असा फरक सहज होतो, इंग्रजी ‘हिज’मध्ये तो होत नाही. अशा वेळी आम्ही सरळ ‘द ओनर्स ब्रदर’ लिहितो. वाक्य थोडे बोजड होते, पण करारात ते चालवून घ्यावे असे आमचे मत आहे.

‘ऑल रूम्स आर नॉट एसी’ ही लॉजची पाटीही तशीच. काही खोल्या एसी आहेत की एकही नाही? बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळते, छापील पाटीला आवाज नसतो. ‘नॉट ऑल रूम्स आर एसी’ लिहिले की प्रश्न मिटतो. रंगकामाच्या कोटेशनमधले ‘ओल्ड डोअर्स अँड विंडोज’ तर थेट पैशांवर येते : नव्या खिडक्या त्यात धरल्या की नाही?

हा निव्वळ काथ्याकूट नाही. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइमचा नियम लागू नसलेल्या कामांची यादी होती. तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते आणि ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. त्यावरून तिथल्या ओकहर्स्ट डेअरीचा माल पोचवणाऱ्या तिच्याच ड्रायव्हरशी ओव्हरटाइमचा वाद झाला. डेअरीचे म्हणणे, वितरण हे यादीतले वेगळे काम आहे, त्यामुळे ड्रायव्हरना ओव्हरटाइम लागू नाही. ड्रायव्हर म्हणाले, यादीत फक्त पॅकिंग आहे, मग ते पाठवणीसाठी असो की वितरणासाठी, आणि पॅकिंग आम्ही करत नाही. 2017 मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून ड्रायव्हरच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

त्याहून जुना दाखला आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. सुरती कापसाच्या 125 गाठींचा एक सौदा इंग्लंडमध्ये झाला होता. माल मुंबईहून ‘पीअरलेस’ जहाजाने लिव्हरपूलला यायचा होता. पण मुंबईहून निघणारी ‘पीअरलेस’ नावाची जहाजे दोन होती, एक ऑक्टोबरमध्ये सुटणारे आणि दुसरे डिसेंबरमध्ये. घेणाऱ्याच्या मनात पहिले, देणाऱ्याच्या मनात दुसरे. डिसेंबरच्या जहाजाचा माल घ्यायला ग्राहकाने नकार दिला आणि 1864 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने निकाल त्याच्याच बाजूने दिला. सौद्याच्या कागदावर महिन्याचे नाव असते तर वाद उभाच राहिला नसता.

म्हणून मजकूर देताना तारखेतला महिना अक्षरांत लिहा. 03/04 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल, अमेरिकेतल्या ग्राहकासाठी 4 मार्च. ‘नेक्स्ट फ्रायडे’ आणि ‘बायवीकली’ शक्यतो टाळा : येता शुक्रवार की त्यापुढचा, आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांनी एकदा, हे ज्याचे त्याने ठरवलेले असते. व्यवहाराची काहीच माहिती नसलेल्या घरातल्या कोणाला तरी कागद एकदा वाचायला देता आला, तर फारच उत्तम.

शंका असलेल्या वाक्याशेजारी आम्ही त्याचे दोन्ही अर्थ मराठीत पेन्सिलने लिहून देतो. तुम्हाला हवा असलेल्या अर्थावर खूण करा, त्याप्रमाणे वाक्य बदलून मगच प्रिंट काढली जाईल. काम तातडीचे असेल तर ही खूण फोनवर सांगितली तरी चालेल.