शेअर बाजारातील तेजी-मंदी : दीर्घ इतिहास आणि सांगली-सातारा

शेअरचे भाव दीर्घकाळ चढत राहिले की तेजी, उतरत राहिले की मंदी आणि थोड्या दिवसांत कोसळले की पडझड, असे म्हणतात. सांगलीला हे शब्द शिकवावे लागत नाहीत. हळदीच्या पेठेत तेजी, मंदी, वायदा ही रोजची बोली आहे. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद भरून भावाची वाट पाहणारा व्यापारी आणि शेअर धरून बसणारा गुंतवणूकदार, दोघांचेही नशीब एकाच गोष्टीवर ठरते : थांबायची ऐपत किती आणि तोवर माल टिकतो का. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरले तेव्हा भाव पडलेला नव्हता, मालच गेला होता. शेअर बाजारातही ही दोन संकटे वेगवेगळी ओळखावी लागतात.

मुंबईतली पहिली मोठी पडझड १८६५ ची. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो पैसा बँका व समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या भरावाच्या कंपन्यांच्या शेअरमध्ये ओतला गेला. युद्ध संपताच सगळे बसले. २,८५० रुपयांपर्यंत गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला. कापसाची मंदी खेड्यापाड्यांतही उतरली. उधारी आटली, शेतसारा मात्र वाढला. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जाची खतपत्रे जाळली. त्याच वर्षी सप्टेंबरात हे लोण तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील कोकरूडला पोहोचले, म्हणजे आजच्या सांगलीच्या शिराळा तालुक्यात. मुंबईच्या दलालांनी आपली संघटना बांधली तीही १८७५ मध्येच. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच.

सेन्सेक्स हा मुंबई शेअर बाजारातील निवडक कंपन्यांच्या भावांवरून काढलेला निर्देशांक. त्याचे पायाभूत वर्ष १९७८-७९ असून त्या वर्षीचा आकडा १०० धरला आहे. जुलै १९९० मध्ये तो १,००० वर गेला आणि २२ एप्रिल १९९२ ला ४,४६७ वर. दलाल हर्षद मेहता याचा बँकांच्या पैशाचा घोटाळा बाहेर आल्यावर २८ एप्रिलला एका दिवसात तो सुमारे पावणेतेरा टक्के घसरला. पुढचा काळ लोक विसरतात. १९९४ मध्ये निर्देशांक थोडा वर डोकावला, फेब्रुवारी २००० मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या लाटेवर ५,९०० पार गेला, पण सप्टेंबर २००१ मध्ये २,६०० च्या आसपास होता. १९९२ च्या शिखरावर पैसे घातलेला माणूस, लाभांश सोडला तर, २००३ च्या पूर्वार्धातही तोट्यातच होता. मुलगी पाचवीत असताना तिच्या लग्नासाठी घेतलेले शेअर लग्नाच्या वेळी मुद्दलालाही पुरले नसते. 'दीर्घकाळात बाजार वाढतोच' हे वाक्य सांगताना ही अकरा वर्षे सांगायलाच हवीत.

जपानमध्ये तर तिथल्या निक्केई या निर्देशांकाला डिसेंबर १९८९ चे शिखर ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. उलट कोविडची पडझड अल्पजीवी ठरली : २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स १३ टक्के कोसळून २५,९८१ वर आला आणि नोव्हेंबरात जुन्या शिखरापुढे गेला.

या भागाचा सर्वांत बोलका अनुभव मात्र दोन गावच्या बँकांचा आहे. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची. सप्टेंबर २००६ मध्ये तिच्यावर निर्बंध आले, ठेवीदाराला १० हजारांपुढे रक्कम काढता येईना. महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली आणि भागधारकांच्या हातात शेअरमागे २८ रुपये रोख पडले. पुढे तेजी जोरात चालली, जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला. पण त्यांच्याकडे धरून ठेवायला शेअरच उरला नव्हता.

सांगली बँक १९१६ ची. तिचा शेअर बाजारात नोंदलेला नव्हता, त्यामुळे त्याचा भाव रोज कळत नसे. एप्रिल २००७ मध्ये ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली आणि ९२५ शेअरना त्या बँकेचे १०० शेअर मिळाले. हे १०० शेअर एका घरात तसेच राहिले असे धरू. जानेवारी २००८ मध्ये भाव १,४०० च्या वर होता, म्हणजे किंमत एक लाख चाळीस हजारांहून जास्त. मार्च २००९ मध्ये तो ३०० च्या खाली आला आणि तीच पुंजी तीस हजारांच्या आत. घाबरून तेव्हा विकणाऱ्याला दोष देता येत नाही. घरात आजारपण असेल, फी भरायची असेल. ज्याला विकावे लागले नाही त्याच्या १०० चे २०१४ च्या विभाजनाने (एका शेअरचे पाच) ५०० आणि २०१७ च्या बक्षीस शेअरने (दहामागे एक फुकट) ५५० झाले. २०२४ अखेर भाव १,२०० च्या वर होता, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक.

निर्देशांकाच्या आलेखात हा फरक दिसत नाही. सेन्सेक्समध्ये तीसच कंपन्या असतात. मागे पडलेली बाहेर जाते, नवी आत येते आणि रेघ पुढे सरकते. घरातल्या ट्रंकेतला शेअर असा आपोआप बदलत नाही.

ट्रंकेतले हे जुने कागद आजही महत्त्वाचे आहेत. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतर बंद झाले आहे. ओळीने सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही, तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. ते बुडत नाहीत : मूळ धारकाला किंवा वारसाला कागदपत्रांसह अर्ज करून ते आपल्या डीमॅट खात्यात, म्हणजे शेअर संगणकावर नोंदून ठेवणाऱ्या खात्यात, परत मागता येतात. विलीन झालेल्या बँकेच्या प्रमाणपत्रांबाबत चौकशी विलीन करून घेणाऱ्या बँकेच्या शेअर निबंधकाकडे, म्हणजे तिच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, करावी लागते.