चोर सोडून संन्याशाला फाशी: सेन्सर बिघडलाय की मिश्रण?

'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागलेली पेट्रोल गाडी इंदूरच्या कुठल्याही गल्लीतल्या गॅरेजात न्या. स्कॅनर लागतो, पडद्यावर पी०१७१ उमटतो आणि निकाल लगेच हातात पडतो: "भाईसाब, ऑक्सीजन सेंसर गया." नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो, काही हजारांचं बिल होतं. पुढच्या आठवड्यात उज्जैनला जाऊन येईपर्यंत तोच दिवा पुन्हा लागलेला असतो. मग नवा सेन्सरच 'डुप्लिकेट' निघाला, असं ठरतं.

खरं तर पी०१७१ सेन्सरबद्दल काहीच तक्रार करत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे मिश्रण लीन आहे. ही बातमी सेन्सरनेच आणलेली असते. ती खरी की खोटी, हे तपासण्याआधीच बातमी आणणाऱ्याला काढून टाकायचं, असा हा प्रकार. सेन्सर खराब होणं आणि सेन्सरने खराबी दाखवणं, दोन्हींत दिवा एकच लागतो, ॲव्हरेज दोन्हींत बिघडू शकतं, गाडी दोन्हींत गचके देऊ शकते. उपाय मात्र पूर्ण वेगळे.

आधी हा सेन्सर करतो काय ते पाहू. बॉशने बनवलेला लॅम्डा सेन्सर (ऑक्सिजन सेन्सरचंच दुसरं नाव) १९७६ मध्ये व्होल्व्होच्या गाडीत पहिल्यांदा आला. आपल्याकडच्या बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत त्याच जातीचा, झिर्कोनियाचं टोक असलेला सेन्सर असतो. टोकाच्या बाहेरच्या बाजूला सायलेन्सरचा धूर, आतल्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितका व्होल्टेज. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) असेल, तर ०.८-०.९ व्होल्ट. ऑक्सिजन भरपूर उरला असेल तर ०.१-०.२. मधली रेघ ०.४५ ची. टोक साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय हे काही होत नाही, म्हणून आत एक छोटा हीटर असतो. इंजिन गरम झालं, की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, या व्होल्टेजकडे बघत पेट्रोल किंचित वाढवतं, किंचित कमी करतं, आणि आकडा ०.४५ च्या वरखाली सतत उड्या मारतो.

ज्या नव्या गाड्यांत पुढच्या जागी, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅट-कॉनच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी, एअर-फ्युएल सेन्सर असतो, तिथे हा ०.१ ते ०.९ चा खेळ दिसतच नाही, तिथे स्कॅनरवर लॅम्डाचा, म्हणजे मिश्रण आदर्श प्रमाणापासून किती हललंय त्याचा, आकडा बघावा लागतो. इथून पुढे व्होल्टेजबद्दल जे म्हणतोय ते साध्या सेन्सरबद्दल.

कोड नीट वाचला तरी अर्धं काम होतं. पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट, पी०१४१ म्हणजे मागच्याच्या हीटरचं. पी०१३३ म्हणजे पुढचा सेन्सर सुस्त झालाय, पी०१३४ म्हणजे त्याची काही हालचालच नाही. हे कोड सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर बोट ठेवतात. पी०१७१ लीनचा आणि पी०१७२ रिचचा, हे दोन्ही मिश्रणाचे. पी०१३१, म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज कमी, हा मात्र लबाड कोड आहे. सेन्सर मेला तरी तो येतो, वायर तुटली तरी येतो, आणि मिश्रण खरोखर फार लीन असलं तरी येऊ शकतो.

कोडनंतर बघायचे ते फ्युएल ट्रिम. शंभर रुपये घेऊन 'स्कॅनिंग' करून देणारे बरेच जण ते बघतच नाहीत, हीच खरी गोम. साधं ब्लूटूथचं डोंगल आणि मोबाइलवरचं एखादं ॲप एवढ्यावर ते दिसतात. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे ईसीएम या क्षणी नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतंय किंवा घटवतंय, आणि लाँग टर्म म्हणजे गेल्या काही काळात त्याला काय सवय लागली. दोघांची बेरीज शून्याच्या दहा टक्के इकडेतिकडे असेल तर सगळं ठीक. कंपनीगणिक फरक असतो, पण साधारण २० ते २५ टक्क्यांच्या पुढे ईसीएम हात टेकतं आणि पी०१७१ टाकतं.

आता आयडलवर बेरीज +२२ दिसतेय आणि २५०० आरपीएमला रेस धरून ठेवली की ती +४ वर उतरते, असं समजा. सेन्सर खोटारडा असता तर रेस बघून त्याने खोटं बोलणं सोडलं नसतं. इथे कुठूनतरी चोरटी हवा आत शिरतेय: फाटलेला व्हॅक्यूम पाइप, वाळलेलं गॅस्केट. आयडलवर इंजिन हवा कमी ओढतं, म्हणून चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. रेसमध्ये तो गर्दीत हरवतो. उलट आयडलवर ठीक आणि भेरूघाट चढताना ट्रिम वाढत चालला, तर पेट्रोल पुरत नाहीये: फिल्टर चोंदलाय, पंप थकलाय, किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलाय. एक मेख मात्र आहे. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांत एमएएफ नसतो, इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्यात चोरटी हवासुद्धा दाबाच्या हिशोबात येते, म्हणून ट्रिम फारसा न हलता आयडलच चढलेलं राहतं.

आणि खोटारडा सेन्सर? तो ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण ईसीएम ताकाला तूर लागू देत नाही. समजा सेन्सर थोडा लीनकडे झुकून बोलतोय. ईसीएम त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवत जातं, आणि सेन्सरचा आकडा पुन्हा ०.४५ च्या आसपास नाचायला लागतो. पडद्यावर सगळं आलबेल. पण इंजिन आता खरोखर रिच चालतंय. म्हणून ट्रिमसोबत स्पार्क प्लग काढून बघायचे. ट्रिम +२० आणि प्लग फिकट किंवा नेहमीचे तपकिरी, तर लीनची बातमी खरी होती, ईसीएमने पेट्रोल वाढवून कसंबसं जमवून घेतलंय. ट्रिम +२० आणि प्लग काजळीने काळे, सायलेन्सरच्या तोंडाला बोट लावलं तर काळंकुट्ट, मागे उभं राहिलं तर पेट्रोलचा वास: मग सेन्सर लीन म्हणतोय आणि प्लग रिच म्हणतोय. अशा भांडणात मी प्लगच्या बाजूने.

तरीही लगेच सेन्सर काढू नका. सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डचं (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट फुटलं असेल किंवा पाइपला चीर असेल, तर धुराच्या दोन ठोक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. तसंच एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल तर त्यात न जळलेल्या पेट्रोलसोबत न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. सेन्सरला पेट्रोल मोजता येत नाही, ऑक्सिजनच कळतो. तो इमानदारीने लीन म्हणतो. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर मॅनिफोल्डजवळ टिकटिक ऐकू येते का, गरम झाल्यावर ती बसते का, हे कान लावून ऐका.

निर्णायक चाचणी दोन्ही बाजूंनी ढकलण्याची. इंजिन गरम, आयडलवर, मोबाइलवर पुढच्या सेन्सरचा आलेख उघडा. ब्रेक बूस्टरकडे न जाणारा एखादा छोटा व्हॅक्यूम पाइप काढा. चोरटी हवा आत जाते, एमएएफवाल्या गाडीत आकडा ०.२ च्या खाली पडायलाच हवा. पाइप परत लावा आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा द्या. आकडा झटकन ०.८ च्या वर जायला हवा. फवारा पेट घेतो, तेव्हा मॅनिफोल्डपासून लांब आणि शक्यतो अनुभवी मिस्त्री शेजारी असतानाच. दोन्हीकडे आकडा चपळपणे गेला तर सेन्सर जिवंत आहे, त्याच्या जागी नवा बसवून काही मिळणार नाही. एका बाजूला गेलाच नाही किंवा रेंगाळत गेला, तर मात्र संशय पक्का. २५०० आरपीएमला दहा सेकंदांत साधारण आठ वेळा तरी त्याने मधली रेघ ओलांडावी, असा जुना ठोकताळा आहे.

रामबागेतल्या माझ्या मावसभावाच्या गाडीला याच पी०१७१ पायी एका गॅरेजने नवा सेन्सर बसवून दिला होता, दिवा परत आला होता. त्याच्या अंगणातच बॉनेट उघडून बसलो. आयडलवर ट्रिम +१९, रेसवर +३, आणि नवा सेन्सर दोन्हीकडे टकाटक उडी मारत होता. मग थ्रॉटल बॉडीकडे हवा नेणाऱ्या रबरी नळीवर बोटं फिरवली. वरून ती धडधाकट होती. खालच्या बाजूला, जिथे तिची घडी पडते, तिथे नखभर चीर. इंजिन बंद असताना मिटलेली, चालू झालं की उघडणारी. बोट दाबून धरलं तसा शॉर्ट टर्म ट्रिम डोळ्यांदेखत खाली सरकला. मावशी खिडकीतून म्हणाली, "अरे, मग आधीचे पैसे कशाचे घेतले त्याने?" नळीची किंमत सेन्सरच्या मानाने किरकोळ होती, एवढंच तिला सांगितलं.

सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांची आणखी एक भानगड. मिथेनला पूर्ण जळायला वजनाने साधारण १७ पट हवा लागते, पेट्रोलला १४.७ पट. किटचं ट्यूनिंग चुकलेलं असेल तर गॅसवर चालताना ट्रिम भलतीकडे जातात आणि पेट्रोलचं ईसीएम ते आपल्याच डोक्यावर घेतं. म्हणून आधी निव्वळ पेट्रोलवर गाडी चालवून ट्रिम बघा, मग गॅसवर. फक्त गॅसवर बिघडत असेल तर गाडी किटवाल्याकडे न्या, सेन्सरच्या दुकानात नाही. ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचंही थोडं तसंच. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतोच, म्हणून ई१० च्या तुलनेत ई२० ला साधारण चार टक्के जास्त इंधन लागतं. ई२० साठी न जुळवलेल्या जुन्या गाडीत ट्रिम तेवढा वर चढला तर तो रोग नाही. मात्र आधीच +१५ वर टेकलेल्या गाडीला तेवढंच निमित्त पुरतं.

सेन्सर खरोखर मरतात तेव्हा बहुतेकदा हीटर जातो. कपलर काढून एकाच रंगाच्या दोन वायरींच्या पिनांवर मल्टीमीटर लावा. थंड असताना काही ओहमपासून दहा-पंधरा ओहमपर्यंत आकडा यावा. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. पण मीटर लावण्याआधी फ्यूज बघा आणि वायर बघा, कारण पार्किंगमधल्या उंदरांना ही वायर फार आवडते. दुसरं कारण विषबाधा. साधं सिलिकॉनचं सीलंट इंजिनात भरपूर थापलं, की त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर चढवते. फुटलेल्या हेड गॅस्केटमधून कूलंट जळत असेल किंवा इंजिन ऑइल खात असेल, तरी टोक माखतं. असं टोक दिसलं तर मूळ गळती बंद केल्याशिवाय नवा सेन्सर बसवणं म्हणजे त्यालाही तोच प्रसाद देणं. नुसती काळी काजळी हा मात्र सेन्सरचा दोष नाही, तो मिश्रण रिच असल्याचा पुरावा.

मागच्या सेन्सरबद्दल थोडक्यात. कॅट-कॉनच्या पलीकडचा हा सेन्सर ०.६-०.७ वर संथ बसलेला असेल तर तो निरोगी आहे आणि कॅट-कॉनही. "ये वाला हिल ही नहीं रहा" म्हणत तो बदलायला निघालेल्याला थांबवा. तो पुढच्यासारखाच नाचायला लागला, तर काळजी कॅट-कॉनची.

बदलायचाच ठरला तर गाडीच्या पार्ट नंबरचा घ्या, वायर कापून जोडायचा 'युनिव्हर्सल' नको. अनेक झिर्कोनिया सेन्सर आतली स्वच्छ हवा वायरींच्या बारीक फटींतूनच ओढतात, म्हणून जोडावर रांगा (सोल्डर) ओतणं किंवा कपलरमध्ये ग्रीस भरणं त्यांना मारक ठरतं. पाना २२ नंबरचा, बाजूने फट असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम. इंजिन कोमट असताना आटे लवकर सुटतात. अँटी-सीझ फक्त आट्यांना, टोकाला नाही. नव्या सेन्सरवर ते बहुधा लावूनच येतं. आणि मिस्त्रीने कोड पुसण्याआधी ट्रिम आणि फ्रीझ फ्रेम (कोड पडला त्या क्षणी ईसीएमने साठवलेले आकडे), दोन्हींच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोड पुसला की फ्रीझ फ्रेम जातेच, बऱ्याच गाड्यांत लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येतो, आणि दिवा परत लागला तर ताडून बघायला काहीच उरत नाही.