हौद्यातला फ्रिज आणि बारा व्होल्टचं गणित

चाळीस लिटरचा पोर्टेबल फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॅट वीज खातो. घरातला जुना छताचा पंखा याहून जास्त घेतो. तरीही असा फ्रिज पिकअपच्या हौद्यात ठेवून किनाऱ्यावर तंबू ठोकला, की सकाळी दोनपैकी एक दृश्य बऱ्याचदा दिसतं. एक तर फ्रिज मध्यरात्रीच बंद पडलेला असतो आणि आतली सुरमई कोमट झालेली असते. नाही तर फ्रिज मस्त गार असतो आणि गाडीचा सेल्फ नुसता टकटक करतो. मग आजूबाजूच्या सगळ्यांचा सल्ला एकच: मोठी बॅटरी घे.

बॅटरी लागते, यात वाद नाही. पण खर्चाच्या यादीत तिचा नंबर तिसरा. पहिला नंबर उष्णतेचा आणि दुसरा तारेचा. लोक नेमके उलट्या क्रमाने जातात, कारण बॅटरी दुकानात दिसते आणि व्होल्टेजची घट दिसत नाही.

आधी फ्रिज कोणता, ते बघू. स्वस्तात मिळणाऱ्या ‘कार कूलर’मध्ये कॉम्प्रेसर नसतो. दोन वेगळ्या वाहकांच्या जोडातून वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हा झाँ पेल्तिए यांनी १८३४ मध्ये दाखवलेला परिणाम त्यात वापरलेला असतो. हा कूलर बाहेरच्या तापमानापेक्षा जेमतेम अठरा-वीस अंश खाली जातो, म्हणजे ३८ अंशांच्या दुपारी आत १८. दूध टिकत नाही आणि वीज मात्र अखंड लागते. दुसरा प्रकार गॅसच्या ज्योतीवर चालणारा. तो बाल्त्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधला. तो बिनआवाजाचा असतो, पण त्याला जवळजवळ सपाट जागा लागते आणि चालत्या गाडीत ज्योत पेटती ठेवणं हा वेडेपणाच. उरला कॉम्प्रेसरवाला. जपानच्या सावाफुजी कंपनीचा झुलत्या मोटरचा कॉम्प्रेसर आणि डेन्मार्कच्या डॅनफॉसचा, आज सेकॉप या नावाने विकला जाणारा, थेट डीसीवर चालणारा कॉम्प्रेसर, या दोन घराण्यांनी ऑस्ट्रेलियातल्या लांबलचक वाळवंटी प्रवासांत नाव कमावलं. तिथे पुढचं दुकान काही दिवसांच्या अंतरावर असू शकतं, त्यामुळे पिकअपमागे फ्रिज आणि गाडीत दुसरी बॅटरी ही चैन मानली जात नाही. आपल्याकडे हायलक्स, व्ही-क्रॉससारख्या पिकअप घेऊन स्पितीला किंवा कोकणात जाणाऱ्यांनी ही पद्धत तिथूनच उचलली.

(एका रात्रीचाच मुक्काम असेल, तर हे सगळं विसरा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. पेटीत सरासरी २५ वॅट उष्णता झिरपते असं धरलं, तर दिवसाला साडेसहा किलो बर्फ पुरतो. बंदरावर तो सहज मिळतो.)

आता उष्णतेकडे. कॉम्प्रेसर सतत चालत नाही. आतलं तापमान ठरलेल्या आकड्यावर आलं की थांबतो, वाढलं की परत सुरू होतो. बाहेर ३० अंश असताना तो तासातली साधारण वीस मिनिटं चालतो असं धरू. म्हणजे दिवसाला ३६० वॅट-तास, बारा व्होल्टवर ३० ॲम्पिअर-तास, बॅटरीवाल्यांच्या भाषेत ३० एएच. हे झालं सावलीतलं गणित.

आता हीच गाडी एप्रिलच्या उन्हात उभी करा. हौद्यावर काचा बंद केलेली कॅनपी, म्हणजे खिडक्या असलेलं टपासारखं झाकण, आहे आणि आत ५५ अंश झालेत. फ्रिजच्या आत ४ अंश ठेवायचे, तर तापमानातला फरक २६ अंशांवरून ५१ अंशांवर गेला. भिंतींतून झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती दुप्पट झाली. इथवर अंदाज बहुतेकांना असतो. पण याच वेळी कॉम्प्रेसरची कार्यक्षमताही पडते. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये वाफेच्या इंजिनांसाठी मांडलेला विचार उलटा लावला, की आदर्श फ्रिजची मर्यादा मिळते: आतलं तापमान केल्विनमध्ये (म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून), भागिले आतबाहेरचा फरक. पहिल्या स्थितीत २७७ भागिले २६, म्हणजे साधारण १०.७. दुसऱ्यात २७७ भागिले ५१, म्हणजे ५.४. खऱ्या कॉम्प्रेसरचे आकडे याच्या कितीतरी खाली असतात, पण घसरण याच दिशेने होते. काम दुप्पट, कार्यक्षमता निम्मी, वीज चौपट. तासाला वीस मिनिटं चालणाऱ्या फ्रिजला आता तासाला ऐंशी मिनिटं चालायचंय! तो थांबतच नाही, आणि तरी आतलं तापमान चढत राहतं.

म्हणून पहिला खर्च सावलीचा. कॅनपीच्या खिडक्या उघड्या, वर हवा खेळेल अशी ताणलेली ताडपत्री, आणि फ्रिजची जाळी असलेली बाजू भिंतीपासून किंवा सामानापासून चांगली चार बोटं दूर. आतून काढलेली उष्णता कंडेन्सर नावाच्या नळ्यांत येते आणि पंखा ती त्या जाळीतून बाहेर फेकतो. तिथे झोपायच्या पिशव्या कोंबल्या, की फ्रिज स्वतःचीच गरम हवा परत ओढतो.

दुसरी उष्णता आपण स्वतः आत ठेवतो. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला १०५ किलोज्यूल, म्हणजे २९ वॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. दहा लिटर पाणी आणि पेयं कोमट भरली, तर जवळजवळ अर्ध्या दिवसाची वीज त्यातच जाते. निघायच्या आदल्या रात्री फ्रिज घरच्या विजेवर लावून भरलेला गार करून ठेवला, तर हा भार महावितरणच्या बिलात जातो, बॅटरीवर येत नाही.

आता तार. खरी गंमत इथे आहे.

गाडीची बॅटरी पूर्ण संपू नये म्हणून अशा फ्रिजमध्ये व्होल्टेज बघणारं सर्किट असतं. त्याला लो, मीडियम, हाय असे टप्पे असतात. कंपनीप्रमाणे आकडे बदलतात, पण ‘हाय’वर ठेवला तर साडेअकराच्या वर कुठेतरी आणि ‘लो’वर दहाच्या आसपास फ्रिज स्वतःला बंद करतो. मात्र हे सर्किट व्होल्टेज मोजतं फ्रिजच्या टोकाशी. बॅटरीच्या टोकाशी काय आहे, ते त्याला कळत नाही.

बॉनेटपासून हौद्यापर्यंत पाच मीटर तार ओढली, तर जाऊन-येऊन दहा मीटर. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची तार घेतली तर तिचा रोध साधारण ०.११५ ओहम भरतो. फ्रिज जोरात चालताना पाच ॲम्पिअर घेतो असं धरलं, तर तिच्यात सुमारे ०.६ व्होल्ट हरवतात, आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या झटक्यात त्याहून जास्त. बॅटरीवर १२.३ व्होल्ट आहेत, म्हणजे ती अजून निम्म्याहून जास्त भरलेली आहे. फ्रिजला दिसतात ११.७. तो म्हणतो बॅटरी संपली, आणि बंद होतो. बंद झाला की तारेतला प्रवाह शून्य, घट शून्य, फ्रिजला परत १२.३ दिसतात. तो पुन्हा सुरू होतो, पुन्हा घट, पुन्हा बंद. रात्रभर हा खेळ चालतो, सकाळी मासे कोमट, आणि मीटर लावला तर बॅटरी ठणठणीत! इथे कितीही मोठी बॅटरी आणली तरी काही उपयोग नाही. तीच तार सहा स्क्वेअरची केली तर घट ०.१४ व्होल्टवर येते.

घरच्या वायरमनचा अंदाज गाडीत चुकतो तो यामुळेच. २३० व्होल्टवर ४५ वॅटला फक्त ०.२ ॲम्पिअर लागतो. दीड स्क्वेअरच्या तारेतली घट कुणाला जाणवणारही नाही. व्होल्टेज वीसपट कमी झालं की प्रवाह वीसपट वाढतो, आणि जी काही घट होते ती कापली जाते बारातून.

डॅशबोर्डवरच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटलाही हाच नियम. त्यात पिन स्प्रिंगच्या दाबावर टेकलेली असते. कच्च्या रस्त्यावर ती सैल होते, टेकण्याची जागा कमी होते, रोध वाढतो आणि प्लास्टिक तापतं. बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की ते सॉकेट बंदच होतं. हौद्यापर्यंत वेगळी जोडी ओढून टोकाला अँडरसन प्रकारचा घट्ट बसणारा कनेक्टर लावणं उत्तम. परतीच्या तारेचे पैसे वाचवायला बॉडी अर्थ घेतात, म्हणजे गाडीच्या पत्र्यालाच परतीची तार करतात, पण गंजलेला एक बोल्ट सगळ्या हिशोबाची वाट लावतो.

आणि फ्यूज. तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. सहा स्क्वेअरच्या तारेला २० ॲम्पिअरचा चालतो. फ्यूज फ्रिजला वाचवण्यासाठी नसतो, तारेला पेटण्यापासून वाचवण्यासाठी असतो. फ्रिजजवळ लावलेला फ्यूज मधल्या पाच मीटर तारेसाठी शून्य कामाचा. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्ह असते. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या तारेचं आवरण घासून फाटलं, की शेकडो ॲम्पिअर वाहतात. त्या भोकात रबरी ग्रोमेट बसवायला दोन मिनिटं लागतात.

एवढं झाल्यावर बॅटरी. गाडीतल्या बॅटरीच्या प्लेट पातळ असतात, कारण तिला काही सेकंदांपुरते शेकडो ॲम्पिअर द्यायचे असतात. थोडे ॲम्पिअर रात्रभर देणं हे तिचं काम नव्हे. ती खोलवर रिकामी होऊन तशीच राहिली की प्लेटवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि क्षमता कायमची घटते. शिशाच्या बॅटरीचा अंदाज व्होल्टेजवरून घेता येतो: भार काढून थोड्या वेळाने १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. निम्म्याच्या खाली शक्यतो जाऊ नये. म्हणून फ्रिजला वेगळी बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी उचलून गाडीत ठेवायचा मोह होतो. पण तिच्यात पातळ ॲसिड हिंदकळतं, चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि ती गाडीच्या हादऱ्यांसाठी बांधलेली नसते. ते नकोच.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीने हे काम सोपं केलं. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये हे रसायन प्रसिद्ध केलं. त्या शोधनिबंधावर ए. के. पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही भारतीय नावं गुडइनफ यांच्याही आधी आहेत. १०० एएचची अशी बॅटरी साधारण बारा किलोची असते, शिशाची दुपटीहून जड. ती जवळपास पूर्ण वापरता येते आणि शेवटपर्यंत व्होल्टेज १३ च्या आसपास टिकवते. पण म्हणूनच व्होल्टमीटर बघून ती किती उरली हे कळत नाही. आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा शंट मीटर लागतो. आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. थंडीत लिथियमला ग्रॅफाइटमध्ये शिरता येत नाही, त्याचा धातूचा थर वर बसतो आणि बॅटरी बिघडते. ऑक्टोबरात लेहला गेलात, तर सकाळी इंजिन सुरू करताच चार्जिंग चालू होणार, हे लक्षात ठेवून कमी तापमानाला चार्जिंग तोडणारी बॅटरी घ्या.

चार्जिंगसाठी साधा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, लावून दोन बॅटऱ्या जोडणं जुन्या गाडीत चालायचं. बीएस-६ काळातल्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, इंधन वाचवायला मधूनमधून व्होल्टेज उतरवतो. तेवढ्यात दुसरी बॅटरी भरत नाही. मधे डीसी-टू-डीसी चार्जर बसवला, की तो येईल ते व्होल्टेज घेऊन दुसऱ्या बॅटरीला हवं तेवढं देतो आणि अल्टरनेटरवर किती भार टाकायचा तेही बांधून ठेवतो. सोलरबद्दल एकच सांगतो: १०० वॅटचं पॅनेल छपरावर आडवं असेल तर चांगल्या उन्हात दिवसाला ३०० ते ४०० वॅट-तास देतं, म्हणजे सावलीतल्या फ्रिजपुरतं. पण गाडी सावलीत हवी आणि पॅनेल उन्हात. त्यामुळे घडीचं पॅनेल आणि लांब, जाड तार बरी.

शेवटी बांधणी. याला सगळ्यात कमी वेळ दिला जातो आणि माणूस मरतो तो यातच.

भरलेला फ्रिज सहज ४० किलोचा होतो. माल बांधण्याच्या युरोपीय आणि ऑस्ट्रेलियन नियमांत पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट बल धरतात. म्हणजे करकचून ब्रेक मारल्यावर ३२ किलोचा ओढा. घाटातल्या ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० च्या वेगाने ०.४ पटीपर्यंत बल बाजूला येतंच. हे झालं नेहमीचं गाडी चालवणं. ताशी ५० च्या वेगाने आदळून गाडी ६० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर मंदन गुरुत्वाच्या सोळापट असतं. तेव्हा तोच फ्रिज साडेसहाशे किलोच्या जोराने पुढे येतो. पिकअपमध्ये निदान केबिनची पत्र्याची भिंत मधे असते. एसयूव्हीत मागच्या सीटवर मुलं असतात.

हुकवाला लवचीक दोर इथे कुचकामी. तो ताणला जातो, फ्रिजला वेग घेऊ देतो, आणि साठवलेली ऊर्जा परत देतो. रॅचेटचे, म्हणजे दांड्याने खटखट करत आवळायचे, पट्टे हवेत, निदान दोन, आणि ते पत्र्यातून बोल्टने पलीकडे वॉशर-प्लेटवर कसलेल्या कड्यांना. प्लास्टिकच्या पॅनेलमधली पिशव्या अडकवायची आकडी म्हणजे अँकर नव्हे. फ्रिजच्या मुठींनाही बांधण्याआधी पुस्तिका बघा. काही मुठी फक्त उचलण्यापुरत्या असतात. वरून टाकलेला पट्टा फ्रिजला खाली दाबतो आणि घर्षण वाढवतो, त्यामुळे खालच्या रबर मॅटचा फायदा मोठा. गुळगुळीत पत्र्यावर घर्षणांक ०.२-०.३ असेल, तर घर्षण वाढवणाऱ्या चांगल्या मॅटवर तो ०.६ च्या आसपास जातो. पुढच्या बाजूचं बल मात्र घर्षणावर सोडू नये. फ्रिज हौद्याच्या पुढच्या भिंतीला किंवा आडव्या पट्टीला टेकवून मगच आवळावा. दुसरी बॅटरीही अशीच बांधायची. तिची टोकं मोकळी असतात आणि ती सुटली तर आग लागते. हौदा उघडा असेल तर पोलादी केबल आणि कुलूप लावा; चहाच्या टपरीवर दहा मिनिटं पुरतात.

सरकत्या ट्रेवर फ्रिज ठेवणं सोयीचं, पण पूर्ण बाहेर ओढल्यावर सगळं वजन ट्रेच्या मागच्या आधारावर तरफेसारखं लटकतं, त्यामुळे ट्रेची क्षमता फ्रिजच्या भरलेल्या वजनावरून निवडायची, रिकाम्या नव्हे. उतारावर गाडी नाक वर करून उभी असेल तर खिट्टी काढताच ट्रे अंगावर येतो. दोन्ही टोकांना, आत आणि बाहेर, खिट्टी असलेलाच घ्या. आणि पट्टे कच्च्या रस्त्यावर पहिल्या अर्ध्या तासात सैल होतात, तेव्हा तिथे एकदा थांबून परत आवळायचे.