ध्वनिवादन थ्रेड (जावा स्विंग)

खिडक्या व बटणे असलेल्या डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये आवाज वाजवण्याचे काम पडद्यावरील व्यवहार सांभाळणाऱ्या थ्रेडकडून (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणारा कामांचा ओघ) काढून वेगळ्या थ्रेडकडे सोपवण्याची पद्धत. बहुतेक सर्व दृश्य लायब्रऱ्यांत (खिडक्या, बटणे यांच्या तयार कोडसंचांत) ती या ना त्या रूपात आढळते. प्रस्तुत नोंद मुख्यत्वे जावा भाषेतील स्विंग या लायब्ररीपुरती आहे.

स्विंगमध्ये बटण दाबणे, टंकन, खिडकी पुन्हा रंगवणे ही सर्व कामे ‘इव्हेंट डिस्पॅच थ्रेड’ नावाच्या एकाच थ्रेडवर, रांगेने होतात. बटणाच्या लिसनरमध्येच (बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्येच) तीन मिनिटांची फाइल वाजवायला घेतली, तर आवाज व्यवस्थित येतो. मात्र बटण दाबलेल्याच अवस्थेत अडकते आणि ‘थांबवा’वर केलेले क्लिक फाइल संपेपर्यंत रांगेत पडून राहते. 5 सेकंद संदेश न उचलणारी खिडकी विंडोज प्रणाली ‘प्रतिसाद देत नाही’ अशी धरते.

हा एका थ्रेडचा नियम कसा रूढ झाला, याविषयी मतभेद आहेत. घटनांची एकच रांग ही कल्पना स्विंगची नव्हे. 1984 च्या मॅकिंटॉशमध्ये आणि 1985 च्या विंडोजमध्ये ती होतीच. जानेवारी 1996 मध्ये जावाच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलेली एडब्ल्यूटी ही लायब्ररी मात्र अनेक थ्रेडांनी एकाच वेळी वापरावी असा मूळ हेतू होता, असे सामान्यतः मानले जाते. डिसेंबर 1998 मध्ये जावा 1.2 बरोबर स्विंग भाषेच्या गाभ्यात आली, ती एका थ्रेडचा नियम घेऊनच. कुलपांचा (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या लॉकचा) खर्च वाचवून रचना सोपी ठेवण्यासाठी हा निर्णय झाला, असे एक मत आहे. जावा घडवणाऱ्या सन कंपनीतील ग्रॅहम हॅमिल्टन यांनी 2004 मध्ये वेगळे कारण पुढे ठेवले. वापरकर्त्याच्या क्रिया प्रणालीकडून वर, प्रोग्रॅमकडे येतात. प्रोग्रॅमच्या आज्ञा वरून खाली, प्रणालीकडे जातात. दोन्ही प्रवाह तीच कुलपे उलट क्रमाने घेत असल्याने कोंडी (थ्रेड एकमेकांसाठी कायमचे अडून राहणे) टाळणे जवळजवळ अशक्य होते. हे स्पष्टीकरण अधिक मूलगामी वाटते, कारण जावाबाहेरच्या लायब्रऱ्याही याच नियमाशी का येऊन थांबल्या, हे त्यातून उलगडते. सनच्या जुन्या मार्गदर्शनात खिडकी पडद्यावर येईपर्यंत ती मुख्य थ्रेडवर घडवण्यास मुभा होती. नंतर, सुमारे 2004 च्या आसपास, घडवणेही ‘इन्व्होकलेटर’ (काम पडद्याच्या थ्रेडच्या रांगेत टाकणारी आज्ञा) मधूनच करावे असा सल्ला रूढ झाला. जुन्या प्रोग्रॅमांत दोन्ही पद्धती दिसतात त्या यामुळे.

आरंभीच्या ॲपलेटांना (वेबपानात चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रॅमांना) फक्त 8,000 हर्ट्झची, एका वाहिनीची एयू प्रकारची ध्वनिफाइल वाजवता येई. जावा साउंड हा संच 2000 मध्ये आवृत्ती 1.3 बरोबर आला. त्यातील ‘क्लिप’ संपूर्ण आवाज आधी स्मृतीत भरते. तिची ‘स्टार्ट’ आज्ञा लगेच परतते, त्यामुळे छोट्या आवाजांना स्वतःचा थ्रेड लागत नाही. फाइल उघडणे तेवढे पार्श्वभूमीवर करावे. तीच क्लिप पुन्हा वाजवताना स्थान शून्यावर आणावे लागते, नाहीतर काहीच ऐकू येत नाही. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला 1,76,400 बाइट घेतो, म्हणजे एका मिनिटाला सुमारे एक कोटी सहा लाख. लांब ध्वनिमुद्रणासाठी म्हणूनच ‘सोर्सडेटालाइन’ ही, आवाज तुकड्यातुकड्याने घेणारी लाइन वापरतात. तिची ‘राइट’ आज्ञा बफरमध्ये (वाजायच्या आवाजाच्या तात्पुरत्या साठ्यात) जागा होईपर्यंत थांबून राहते, आणि वेगळ्या थ्रेडची खरी गरज इथे आहे.

प्रत्येक आवाजाला नवा थ्रेड काढावा, की एकच कायम थ्रेड ठेवून त्याला रांगेतून आवाज पुरवावेत, यावर एकमत नाही. खेळांसारख्या, एकावर एक आवाज चढणाऱ्या प्रोग्रॅमांत पहिली पद्धत दिसते; लांब वादनासाठी दुसरी अधिक भरवशाची ठरते. जावा 6 पासून (2006) मिळणारा, पार्श्वभूमीवर काम करवणारा ‘स्विंगवर्कर’ या कामी सर्रास वापरला जातो, पण त्याच्या सामाईक साठ्यात जास्तीत जास्त 10 थ्रेड असतात. अखंड वाजणारे आवाज त्यावर टाकले, तर इतर कामांची जागा ते अडवून बसतात.

थांबवणे हा भाग सुरू करण्यापेक्षा नाजूक आहे. थ्रेड बळाने मारणारी ‘स्टॉप’ आज्ञा 1998 मध्येच त्याज्य ठरली, आणि जावा 20 मध्ये ती फक्त अपवाद (चूक झाल्याची सूचना) फेकू लागली. रूढ मार्ग असा: ‘व्होलाटाइल’ (बदल सर्व थ्रेडांना लगेच दिसणारी) खूण बदलायची आणि लाइनवर ‘स्टॉप’ व ‘फ्लश’ (बफर रिकामा) करायचे, त्याने अडलेली ‘राइट’ही मोकळी होते. इथे ‘ड्रेन’ (बफरमधले सारे वाजून होईपर्यंत थांबणारी आज्ञा) वापरू नये. थांबलेल्या लाइनच्या बफरमध्ये काही उरले असेल, तर लाइन पुन्हा सुरू होईपर्यंत ‘ड्रेन’ परतत नाही आणि थ्रेड तिथेच अडकतो. आवाज संपल्याची सूचना जावा साउंडच्या थ्रेडवर येते. बटणावरचा मजकूर बदलायचा तर ते काम ‘इन्व्होकलेटर’ने पडद्याच्या थ्रेडकडे द्यावे.

रियाजासाठी तंबोरा आणि ठेका वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक अडचण येते. स्विंगचा ‘टाइमर’ पडद्याच्याच थ्रेडवर चालतो. खिडकी रंगवण्यात वेळ गेला की ठोका उशिरा पडतो, आणि साचलेले ठोके टाइमर एकत्र करून एकच देतो. म्हणजे मात्राच गळते. लय नमुन्यांच्या (ध्वनीच्या एकेका नोंदलेल्या मोजमापाच्या) संख्येने मोजली तर हा दोष राहत नाही: 44,100 हर्ट्झला मिनिटात 60 मात्रांच्या लयीत एका मात्रेला 44,100 नमुने, 120 ला 22,050. मोजणारा ध्वनीचा थ्रेड खिडकीकडे पाहतही नाही.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रणालीच्या 2.0 आवृत्तीतील (2005) ‘साउंडप्लेअर’मध्ये ‘प्ले’ नवा थ्रेड काढते, तर ‘प्लेसिंक’ चालू थ्रेडच अडवून ठेवते. विंडोजच्या ‘प्लेसाउंड’मध्ये हाच फरक एका खुणेने करतात.